२,८०० युरो आणि २४,००० रुपये: दोन देशांतील पगार तासांत कसा मोजावा

भुसावळच्या एका इलेक्ट्रिशियन बांधवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय एकतीस आहे. आयटीआय करून ते नऊ वर्षांपासून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात आणि रोज रेल्वेने अपडाउन करतात. एकूण पगार २४,००० रुपये आहे. आठ तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, आणि त्यावर आठवड्याला सुमारे दहा तास ओव्हरटाइम, ज्याचे पैसे साध्याच दराने मिळतात. आता त्यांच्या हाती जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातील एका छोट्या शहराचे नियुक्तिपत्र आले आहे. त्यात दरमहा २,८०० युरो, ४० तासांचा आठवडा आणि वर्षाला २८ दिवस रजा असे लिहिले आहे. मेहुणे म्हणतात की २,८०० ला शंभराने गुणा, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर जाते, आणि जर्मन माणूस वर्षाला जेमतेम १,३४० तास काम करतो. काका म्हणतात की तिकडे मिळते ते तिकडेच संपते. पत्नी व पाच वर्षांची मुलगी सध्या भुसावळलाच राहणार आहेत. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी जळगावात सव्वीस वर्षांपासून कारखान्यांची पगारपत्रके आणि कामगार कायद्यांचे काम पाहतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून अशी नियुक्तिपत्रे वाचून दाखवण्यासाठी आपल्याकडील बरीच मुले येतात. माझ्या मते मेहुणे आणि काका दोघेही अर्धवट हिशेब करीत आहेत. दोघांनीही पगाराला एकच एक किंमत लावली आहे. परदेशात मिळालेल्या पगाराचे प्रत्यक्षात दोन वाटे पडतात, एक तिथेच खर्च होणारा आणि एक घरी येणारा, आणि या दोन वाट्यांची किंमत दोन वेगळ्या मापांनी काढावी लागते. त्याआधी दोन्ही पगार हातात पडणाऱ्या रकमेवर आणले पाहिजेत, आणि प्रत्यक्ष काम केलेल्या तासांनी भागले पाहिजेत. हा क्रम चुकला की उत्तर हवे तसे वळवता येते.

प्रथम तासांचे पाहू, कारण सर्वांत मोठी दिशाभूल तिथे होते. १,३४० तासांचा आकडा खोटा नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, तक्त्यात जर्मनीचे सरासरी वार्षिक कामाचे तास जवळपास तेवढेच दिसतात. मात्र ती सरासरी पूर्णवेळ आणि अर्धवेळ अशा सर्व कामगारांची आहे, आणि जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण पुष्कळ आहे. ते तास एकत्र केले की सरासरी आपोआप खाली येते. हे आकडे एकाच देशातील बदल पाहण्यासाठी आहेत, एका वर्षात दोन देशांची उंची मोजण्यासाठी नाहीत, अशी सूचना ती संघटना स्वतःच देते. तुम्ही पूर्णवेळ कामावर जाणार आहात, म्हणून तुमचे तास तुमच्या पत्रातूनच काढले पाहिजेत.

४० तास गुणिले ५२ आठवडे म्हणजे २,०८० तास. त्यातून २८ दिवसांची रजा वजा करा. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये वर्षाला १२ सार्वजनिक सुट्ट्या असतात, त्यांतील काही शनिवार-रविवारी वाया जातात, म्हणून दहा धरा. एकूण ३८ दिवस, म्हणजे ३०४ तास गेले आणि प्रत्यक्ष कामाचे १,७७६ तास उरले. आता जळगावचे पाहा. ४८ अधिक १० म्हणजे आठवड्याला ५८ तास, वर्षाला ३,०१६. तुमच्या पत्रानुसार १५ दिवस पगारी रजा आणि ८ सणांच्या सुट्ट्या धरून १८४ तास वजा केले, तर २,८३२ तास उरतात. म्हणजे तुम्ही आज त्या नोकरीच्या तुलनेत वर्षाला हजारांहून अधिक तास जास्त काम करीत आहात. मेहुण्यांनी आणि काकांनी, दोघांनीही हा आकडा विचारात घेतलेला नाही, आणि मला तो पगाराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

या फरकाचे मूळ जुने आहे. जर्मनीत आठ तासांचा दिवस नोव्हेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपताच, लागू झाला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ४८ तासांच्या आठवड्याचा पहिला करार केला, तेव्हा त्यात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळे कलम घालून ६० तासांचा आठवडा ठेवला गेला. आपल्याकडे १९३४ च्या कारखाना कायद्याने तो ५४ वर आला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना मांडल्या गेलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आला. तिथून पुढे आपण कायद्याने फारसे सरकलो नाही. जर्मनीत मात्र धातू आणि विद्युत उद्योगातील कामगार संघटनेने लढा देऊन १९९५ पर्यंत पश्चिमेकडील राज्यांत ३५ तासांचा आठवडा मिळवला. तुमच्या पत्रात ४० तास लिहिले आहेत, याचा अर्थ तो मालक बहुधा संघटनेने मालकांशी केलेल्या त्या सामूहिक वेतनकराराला बांधील नाही. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण पुष्कळ छोट्या आस्थापना त्या कराराबाहेर असतात, परंतु बांधील असलेल्या मालकाकडे तुमच्याच कामाला अधिक वेतन मिळण्याची शक्यता असते. म्हणून ही गोष्ट विचारून घ्यावी.

तासांची प्रतही पाहावी लागते. जर्मन कायद्यानुसार दिवसाला आठ तास, आणि सहा महिन्यांची सरासरी आठवर राखली तर दहा तासांपर्यंत काम घेता येते. दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. आपल्याकडे रिलिव्हर आला नाही की डबल ड्युटी करावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातच वैशाखात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलसमोर उभे राहून केलेला एक तास आणि तिथला एक तास हिशेबात सारखा धरला, तरी शरीराला तो सारखा नसतो. याला मी आकडा देऊ शकत नाही, म्हणून पुढच्या गणितात तो धरलेला नाही.

आता हातात पडणारी रक्कम. तुमच्या २४,००० मधून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की २२,००० उरतात. ओव्हरटाइमचे सुमारे ५,००० मिळून दरमहा २७,००० होतात. दिवाळीचा बोनस तुम्ही १५,००० सांगितला आहे. तो धरून वर्षाला ३,३९,००० रुपये झाले. त्याला २,८३२ ने भागले की तासाला सुमारे १२० रुपये येतात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ओव्हरटाइमचा दर सामान्य दराच्या दुपटीपेक्षा कमी असू नये, असे जुना कारखाना कायदा सांगत होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिताही तेच सांगते. तुमचा तासाचा दर २४,००० भागिले २०८, म्हणजे साधारण ११५ रुपये आहे. महिन्याच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस तासांचे दुप्पट दराने जवळपास १०,००० रुपये व्हायला हवेत. तुम्हाला निम्मे मिळत आहेत. म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये तुमचे असून तुमच्या हाती येत नाहीत. नव्या संहितेनुसार अशा थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. त्यासाठी हजेरीची नोंद, पाळीच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे आजपासून जपून ठेवावेत, मग तुम्ही जा किंवा राहा. अनेक तरुण तुलना करताना इकडचा पगार आहे तसा धरतात, आणि तो मुळात कायद्याने किती असायला हवा हे पाहत नाहीत, याचे मला दरवेळी दुःख होते.

जर्मनीकडील कपात मोठी असते, आणि काकांच्या भीतीचा अर्धा भाग येथे आहे. २,८०० युरो ही कपातीपूर्वीची रक्कम आहे. पेन्शनसाठी ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३, आरोग्य विम्यासाठी साडेआठ-पावणेनऊच्या आसपास आणि वृद्धापकाळच्या शुश्रूषा विम्यासाठी १.८, असे मिळून सुमारे एकवीस टक्के केवळ सामाजिक विम्यात जातात. मालक जवळपास तेवढेच स्वतः भरतो. शुश्रूषा विम्यात तेवीस वर्षांवरील निपुत्रिकांना जादा ०.६ टक्के पडतात. तुम्हाला मुलगी आहे, म्हणून तिच्या जन्मदाखल्याचे प्रमाणित भाषांतर सोबत न्या आणि पहिल्याच आठवड्यात कार्यालयात द्या. यावर प्राप्तिकर असतो. जोडीदार युरोपच्या आर्थिक क्षेत्राबाहेर राहत असेल, तर विवाहित माणसालाही करवर्ग क्रमांक एक, म्हणजे अविवाहिताचाच, लागतो. तो धरून तुमच्या हातात महिन्याला साधारण १,९०० ते १,९५० युरो पडतील. मी सावधपणे १,९०० धरतो.

वर्षाचे २२,८०० युरो भागिले १,७७६ म्हणजे तासाला १२.८ युरो. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरला, तर तासाला १,२८० रुपये झाले. मेहुण्यांचा आकडा साडेअकरा पटींच्या वर जात होता. महिन्याच्या हातातील रकमेची, इकडचा बोनस महिन्यांत वाटून, तुलना केली, तर तो पावणेसात पटींवर येतो. तासावर आणला, तर पुन्हा साडेदहा पटींच्या पुढे जातो. एकाच पत्रातून असे तीन निरनिराळे आकडे निघतात, आणि घरातील वाद इथेच सुरू होतो.

यापुढचा भाग मी वडिलांकडून शिकलो. ते अमळनेर तालुक्यातून सुरतेला लूमवर गेले होते, उधन्याच्या एका खोलीत सहा जण राहत. त्यांच्या वहीत दोन रकाने असत: इकडे खाल्ले, घरी पाठवले. गावात कोणी विचारले की सुरतेला किती मिळतात, तर ते एकूण आकडा सांगत नसत. पहिल्या रकान्यातील पैशाने सुरतेच्या भावाने डाळ आणि भाडे विकत घेतले होते, दुसऱ्या रकान्यातील पैसा गावच्या भावाने खर्च होणार होता, आणि त्या दोन पैशांची बेरीज करून काही कळत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

अर्थतज्ज्ञ यासाठी क्रयशक्ती समानता नावाचे माप वापरतात. जागतिक बँकेच्या पुढाकाराने अनेक देशांत त्याच त्या वस्तूंचे भाव गोळा केले जातात आणि कोणत्या देशात किती पैशांत तेवढीच वस्तू मिळते, हे काढले जाते. त्या मापाने भारतातील रुपया बाजारातील विनिमय दरापेक्षा बराच जड ठरतो, कारण घरभाडे, न्हावी, रिक्षा, भाजी आपल्याकडे पुष्कळ स्वस्त आहेत. हे माप देशांची तुलना करायला योग्य आहे. पण स्थलांतर करणाऱ्या माणसाला ते संपूर्ण पगारावर लावून चालत नाही, कारण त्याचा अर्धा पगार तिथल्या भावाने खर्चच होत नाही. उलट मेहुण्यांसारखा संपूर्ण पगार विनिमय दराने गुणला, तर तिथल्या खोलीचे भाडे भुसावळच्या भाड्याइतकेच धरल्यासारखे होते.

तुमच्या बाबतीत ते मांडून दाखवतो. ही गृहीतके छोट्या शहरासाठी, एकट्या माणसासाठी आहेत. श्टुटगार्टसारख्या शहरात भाड्याचा आकडा सहज दीडपट होऊ शकतो. सामायिक घरातील एक खोली, हीटिंगसह, ४५० युरो. तिथे भाडे दोन प्रकारे सांगतात, थंड आणि उबदार. जाहिरातीतला आकडा बहुधा थंड असतो, आणि हीटिंग, पाणी वगैरे मिळून होणारे उबदार भाडे त्याहून बरेच अधिक असते. अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचे थंड भाडे मागितले जाऊ शकते. स्वतः रांधून खाल्ले, तर किराण्याला २६० युरो पुरावेत. देशभर चालणारा मासिक प्रवासपास २०२६ पासून ६३ युरोंना आहे. सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी दरमहा १८.३६ युरो प्रत्येक घराला द्यावी लागते, खोली सामायिक असेल तर ती वाटून घेता येते. फोन, थंडीचे कपडे, औषधे, अडीअडचण धरून एकूण ९५० युरो खर्च होतील, आणि तितकेच उरतील.

उरलेले ९५० युरो घरी येतील. त्यांना विनिमय दर लावणे अगदी योग्य आहे, म्हणजे ९५,००० रुपये. तिथे खर्च झालेल्या ९५० युरोंसाठी मी वेगळा प्रश्न विचारतो: एकट्या माणसाला खोली, जेवण, प्रवास, फोन अशी तीच राहणी भुसावळात कितीत पडली असती? मी १२,००० रुपये धरतो. तुम्हाला १५,००० वाटत असतील, तर तसे धरा. दोन्ही मिळून महिन्याला १,०७,००० रुपये झाले. तुमचे आजचे उत्पन्न, बोनस महिन्यांत वाटून, २८,२५० आहे. म्हणजे पावणेचार पट. तासांवर आणले, तर तिकडे तासाला सुमारे ७२० रुपये आणि इकडे १२०, म्हणजे सहा पट.

हे झाले कुटुंब इकडे ठेवून. सोबत नेले, तर गणित पुष्कळ बदलते, आणि ते केवळ खर्चानेच नाही. पत्नी तिथे राहू लागली की करवर्ग तीन घेता येतो आणि हातात सुमारे २,१५० युरो पडतात. मुलीसाठी बालभत्ता २०२६ मध्ये दरमहा २५९ युरो आहे. कमाई नसलेली पत्नी आणि मूल यांचा आरोग्य विमा तुमच्याच हप्त्यात होतो, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि सरकारी शाळेला फी नसते. एकूण २,४०० युरो आले, तरी दोन खोल्यांचे घर आणि तिघांचे जेवणखाण धरून १,९०० जातील आणि ५०० उरतील. तेच राहणीमान भुसावळात २५,००० रुपयांचे मानले, तर एकूण ७५,००० होतात, म्हणजे आजच्या अडीच-पावणेतीन पट. बचत निम्मी होते. तरी मुलीची पाच ते दहा ही वर्षे दूर राहून घालवायची की नाही, हा निर्णय बचतीच्या रकान्यावर घेऊ नका, असे मी प्रत्येकाला सांगतो. भाषा शिकून पत्नीला तिथे काम मिळाले, तर हे चित्र पुन्हा पालटते.

पेन्शनचा वाटा मी दोन्ही बाजूंनी बाहेर ठेवला आहे, कारण त्याचे रूप सारखे नाही. इकडे तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० दरमहा जमा होतात. मालकाच्या वाट्यातील काही भाग पेन्शन योजनेत जातो, पण बाकीची रक्कम तुमच्या खात्यात व्याजासह दिसते आणि गरजेला काढता येते. तिकडे दोघांचे मिळून दरमहा ५२० युरो जातात, परंतु ती रक्कम मधेच उचलता येत नाही. पेन्शनच्या हक्कासाठी किमान पाच वर्षे भरावी लागतात. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यानुसार दोन्ही देशांतील सेवाकाळ पात्रतेसाठी जोडून धरता येतो. म्हणून पीएफचा सेवाकाळ आणि यूएएन क्रमांकाची कागदपत्रे नीट ठेवा, आणि जाताना पीएफ काढून घेण्याची घाई करू नका.

माझे हे गणित तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, तुमच्या आयटीआय प्रमाणपत्राला तिथे पूर्ण मान्यता मिळाली आहे की अंशतः. अंशतः असेल, तर पहिले काही महिने २,८०० ऐवजी मदतनिसाचे वेतन मिळू शकते. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे ४० तासांच्या आठवड्याला महिन्याचे सुमारे २,४१० युरो. त्याखाली कोणी जाऊ शकत नाही, पण २,८०० आणि २,४१० यांतील फरक सरळ तुमच्या बचतीतून जातो. दुसरी, जाण्यापूर्वीचा खर्च: भाषेचे वर्ग, भाषांतरे, मान्यतेची फी, विमान, अनामत, आणि भाषा शिकण्यासाठी ओव्हरटाइम सोडावा लागला तर तेवढे बुडालेले उत्पन्न. हे सर्व लिहून काढा आणि दरमहाच्या बचतीने भागा, म्हणजे किती महिने केवळ फेडण्यात जातील ते कळेल. मध्यस्थ असेल, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची मागणी करणारा भेटला, तर त्याच्या पावतीवर काय लिहितो ते विचारा.

तिसरी गोष्ट म्हणजे इकडची बाजू. तुम्ही दुप्पट दराचा ओव्हरटाइम मिळवलात, तर इकडचे तासाचे १२० चे सुमारे १४० रुपये होतात. त्याने मोठी दरी बुजत नाही. परंतु भुसावळ-जळगाव अपडाउनचे रोजचे दोन तास, घरच्या केळीच्या बागेचा किंवा शेतीचा काही आधार, वृद्ध आईवडील, हे सर्व वरच्या गणितात आलेले नाही आणि प्रत्येकाचे वजन तुम्हालाच ठाऊक आहे.

नियुक्तिपत्रातील तीन ओळी मला अजून दिसल्या नाहीत: आठवड्याचे तास ४० पेक्षा वाढले तर त्याचे पैसे मिळतात की बदली रजा, सामूहिक वेतनकराराचा उल्लेख आहे का, आणि मान्यता अपूर्ण असताना पगार किती. त्या ओळी आणि त्या शहरातील उबदार भाड्याचा आकडा कळवलात, तर वरील दोन रकाने मी तुमच्या खऱ्या आकड्यांनी पुन्हा भरून देईन.